मैद्याचा रवा होत नाही

दिवाळी आली की घरोघरी फळीवरच्या चाळण्या खाली उतरतात. रव्याची निराळी, मैद्याची निराळी, बेसनाची आणखी निराळी. वाचकहो, या चाळण्यांवरून मी विजेच्या गिटारीकडे वळणार आहे. मराठीच्या मास्तराचे डोके फिरले असे कुणी म्हणण्यापूर्वी चार ओळी धीर धरावा, एवढीच विनंती.

विजेची गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. तार नुसती छेडली तर आवाज शेजारच्या खोलीतही जायचा नाही. तारांखाली एक लहानसा ठोकळा बसवलेला असतो. त्याला म्हणतात पिकअप. मंडईत भाजी वाहून आणणारा पिकअप वेगळा, हा वेगळा. याच्यात लोहचुंबक असते आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात खळबळ होते, वेढ्यांत अल्पशी वीज उत्पन्न होते, आणि पुढे ध्वनिवर्धक त्या विजेचा आवाज करतो. म्हणजे गिटारीचा कान तो हाच.

आता कान म्हटला की त्याची आवडनिवड आली. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण १९५४ साली त्यांच्या कारखान्यातून स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार बाहेर पडली. तिला एकेरी वेटोळ्याचे तीन पिकअप. आवाज स्वच्छ, लखलखीत. मात्र हे वेटोळे तारेबरोबर घरातली वीजही ऐके, आणि अमेरिकेतील विजेची सेकंदाला ६० आवर्तने भुंग्यासारखी गुणगुणत राहत. त्यावर गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी तोड काढली आणि १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला. दोन वेटोळी शेजारी शेजारी, चुंबके उलटसुलट, वेढेही उलटसुलट. गुणगुण दोघांत शिरते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा आवाज मात्र दुणावतो. पण दोन वेटोळी तारेला दोन जागी ऐकतात, त्यामुळे अगदी बारीक स्वर थोडे मारले जातात आणि आवाज भरदार पण मऊ होतो. सुरुवातीच्या वर्षांतल्या या पिकअपांवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवीत. ती चिठ्ठी असलेली जुनी गिटार आज सामान्य वादकाच्या स्वप्नातही परवडत नाही.

म्हणूनच आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, माझ्या साध्या गिटारीचा आवाज संगणकावर त्या जुन्या गिटारीसारखा करता येईल का?” प्रश्न मराठीच्या तासाचा नव्हता, पण मला तो फार जवळचा वाटला.

तंबोरा लक्ष देऊन ऐकणाऱ्याला माहीत असते की, षड्जाच्या तारेतून कुणी न लावलेला गांधारही बोलतो. एकाच तारेत मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे कितीतरी सूक्ष्म स्वर नांदत असतात. गिटारीच्या घोडीपासून मोकळ्या तारेच्या बरोबर चौथ्या भागावर पिकअप बसवला, तर चौपटीचा स्वर तेथे स्तब्ध असतो. पिकअपला तो ऐकूच येत नाही. आठपटीचाही नाही. पिकअप सरकवला की दुसरेच स्वर गळतात. तेव्हा पिकअपचा ‘गोड आवाज’ म्हणजे त्याने काय ऐकले याइतकाच त्याने काय गाळले याचा हिशेब. आता चाळणी आठवली ना?

नक्कल करणाऱ्या अभियंत्यांनी हे ओळखले. रोलँड कंपनीचे व्हीजी-८ हे यंत्र १९९५ साली आले. पुढच्या दशकात लाइन सिक्सची व्हेरियाक्स ही गिटार आली. सुरुवातीच्या व्हेरियाक्समध्ये चुंबक नव्हतेच. घोडीतच सहा तारांना सहा स्वतंत्र दाबग्राहक. घोडीवर तारेच्या प्रत्येक स्वराचा दाब पोहोचतो, म्हणून तेथे सारे काही हाती लागते. मग संगणक प्रत्येक तारेच्या आवाजात त्याचाच उलटा प्रतिध्वनी, कणभर उशिराने, मिसळतो. पिकअप तारेच्या चौथ्या भागावर असल्याचा भास आणायचा, तर जाड तारेला सेकंदाचा सुमारे तीन हजारांश उशीर, सर्वांत बारीक तारेला एक हजारांशाहूनही कमी. प्रत्येक तारेचा हिशेब निराळा, म्हणून ग्राहकही सहा. योग्य ते स्वर गळतात, आणि पिकअप तेथे नसूनही असल्यासारखा वाटतो. गंमत अशी की फेंडरचा लखलखीतपणा मिळतो आणि गुणगुण मिळत नाही.

याच्या उलट माझ्या विद्यार्थ्याची गत. त्याच्या गिटारीत एकच पिकअप. त्याने जे स्वर गाळले, ते संगणकाने शंभरपट मोठे केले तरी शून्याचे शंभरपट शून्यच. वर तेथली खरखर तेवढी शंभरपट होते. लखलखीत आवाज मऊ करता येईल, उंचवटा थोडा इकडचा तिकडे करता येईल; पण गळालेले परत आणता येणार नाही. मैदा कितीही मळला तरी त्याचा रवा होत नाही. दोन्ही हवे असतील तर आधी घरात गहू हवा.

“मग माझी गिटार बाद का, सर?” त्याने उतरल्या चेहऱ्याने विचारले. बाद कशाने? लिओ फेंडरनी त्या वेळी कुणाची नक्कल करावी म्हणून स्ट्रॅटोकास्टर घडवली नव्हती. तिने जे गाळले आणि जे राखले, त्यातून वादकांनी आपापली वाट काढली. शिवाय जुन्या पिकअपचे चुंबक तारेला किंचित ओढते, ती ओढ बोटांना कळते. ती नुसत्या आवाजाच्या नकलेत उतरत नाही. याच्या गिटारीचीही काही ओढ असेलच. ती त्याने अजून नीट ऐकलेली नाही, एवढेच.

नकलेला आपण हलके समजतो. मला मात्र या अभियंत्यांचा आदर वाटतो. दुसऱ्याचा आवाज काढण्यासाठी त्यांना आधी त्या दुसऱ्याहून अधिक ऐकावे लागले. आमच्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून अख्ख्या कादंबरीवर बारा गुणांचे उत्तर लिहिणारे शूर आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. कादंबरीतून गाइड निघते. गाइडातून कादंबरी निघाल्याचे मी अजून पाहिलेले नाही.