तलवारबाजीचें साहित्य : निवड आणि निगा

मुलांच्या व्यायामाचा विषय निघाला म्हणजे घरांतील वडील मंडळी बहुधा सूर्यनमस्कार, मल्लखांब व आट्यापाट्या यांपाशीं थांबतात. तलवार म्हटली कीं त्यांस खंडेनवमीची पूजा किंवा संग्रहालयांतील कांचेचें कपाट आठवतें. परंतु आज अनेक शाळकरी मुलेंमुली तलवारबाजीचा खेळ स्पर्धेसाठीं शिकत आहेत, आणि त्यामुळें एक नवाच प्रश्न गृहस्थांपुढें आला आहे. नागपूरच्या दक्षिणेस वसलेल्या बेसा येथील एका वाचक-भगिनींनीं आम्हांस याविषयीं पत्र लिहिलें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील अकरा वर्षांची मुलगी हा खेळ शिकूं लागली असून शिक्षकांनीं साहित्याची लांबलचक यादी दिली आहे. आजोबांच्या मतें हा खर्च अनाठायीं आहे. काकांचें म्हणणें असें कीं आधीं तलवार घ्यावी, बाकीचें मागाहून पाहतां येईल. शिवाय पुण्याच्या आतेभावाचें वापरलेलें मुखत्राण फुकट मिळत आहे. तें घ्यावें कीं नाहीं, असें त्या विचारतात. प्रश्न एका घराचा असला तरी उत्तर पुष्कळांच्या उपयोगी पडेल, म्हणून तें येथें सविस्तर देतों.

प्रथम आजोबांचें समाधान करूं. शस्त्रांचा खेळ वऱ्हाड-नागपुरास परका नाहीं. दांडपट्टा व फरीगदका हे खेळ आपल्या आखाड्यांतून पिढ्यान्पिढ्या चालत आले. १९१४ सालीं स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलें होतें. आजच्या तलवारबाजीचे नियम युरोपांत घडले हें खरें; पण चपळ पाय, स्थिर दृष्टि आणि क्षणांत घेतलेला निर्णय हें तिचें मर्म आपल्या पटाईतांस ओळखीचेंच वाटेल. मुलींनीं यांत मागें राहण्याचें कारण नाहीं. चेन्नईच्या भवानीदेवी यांनीं, सरावाला चांगल्या तलवारी मिळेनात तेव्हां, बांबूच्या काठ्यांवर हात बसविला. आणि २०२१ मध्यें टोकियो येथें ऑलिंपिकमध्यें खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तलवारबाज ठरल्या. पहिला सामना त्यांनीं १५-३ असा जिंकलाही. महाराष्ट्रांत छत्रपती संभाजीनगर येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांत हा खेळ शिकविला जातो. तेव्हां मुलीनें निवडलेली वाट चुकीची नाहीं.

आतां काकांच्या मताकडे वळूं. तलवार आधीं, बाकीचें मागाहून, हा क्रम आम्हांस मुळींच मान्य नाहीं. तलवार ही दुसऱ्यास लागण्याची वस्तु आहे. आपल्या मुलीस वांचविणारी वस्तु निराळी. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविणारे सोव्हिएट खेळाडू व्लादिमीर स्मिर्नोव्ह १९८२ सालीं रोमच्या जागतिक स्पर्धेंत खेळत असतांना प्रतिस्पर्ध्याचें पातें मोडलें, तें तुटकें टोंक मुखत्राणाच्या जाळींतून आंत शिरलें, आणि कांहीं दिवसांनीं त्यांचा अंत झाला. प्रतिस्पर्ध्याचा यांत कांहींच अपराध नव्हता. या दुर्घटनेनंतर मुखत्राणें, कपडे व पोलाद यांविषयींचे नियम कडक झाले, आणि आज हा खेळ पुष्कळ सुरक्षित मानला जातो तो त्या नियमांमुळेंच. ही सुरक्षितता काटकसरीच्या नांवाखालीं गमावूं नये.

म्हणून आमचा क्रम असा : मुखत्राण, हातमोजा, जाकिटाच्या आंत घालावयाचें अर्ध्या अंगाचें संरक्षक वस्त्र, जाकीट, विजार आणि मुलींसाठीं छातीचें कठीण कवच. एवढें स्वत:चें असावें. तलवार पहिले कांहीं महिने शिक्षकांच्या संग्रहांतील चालते. मुलीचा हात कोणत्या शस्त्रावर बसतो हें कळल्याशिवाय ती घेणें म्हणजे पाय न मापतां वहाण आणणें होय.

शस्त्रें तीन आहेत. फॉइल हलकें असून त्याचें वजन ५०० ग्रॅमच्या आंत असावें लागतें. त्यानें केवळ धडावर टोंक टेकवावयाचें असतें. एपी जड असून ७७० ग्रॅमपर्यंत चालतें आणि नखशिखान्त कोठेंही टोंक लागलें तरी गुण मिळतो. सेबरनें टोंकाप्रमाणें धारेच्या अंगानेंही वार करतां येतो. मात्र तो कमरेच्या वरच. फॉइल व सेबर यांस विजेच्या गुणफलकासाठीं धातूच्या तारांनीं विणलेलें वेगळें जाकीट लागतें. एपीला तें लागत नाहीं, हा खर्चांतील फरक ध्यानांत ठेवावा. पात्यांस ० ते ५ असे क्रमांक असून ५ क्रमांकाचें पातें प्रौढांचें. लहान मुलांस आंखूड पातें द्यावें. “मोठी झाल्यावर उपयोगी पडेल” म्हणून लांब पातें घेतल्यास मनगट दुखावतें आणि वाईट संवय लागते.

कपड्यांवर न्यूटनचा आंकडा लिहिलेला असतो; कापड भोसकलें जाण्यास किती जोर लागेल, याचें तें माप. ३५० न्यूटन म्हणजे सुमारें ३६ किलोग्रॅम वजनाचा भार व ८०० न्यूटन म्हणजे सुमारें ८२ किलोग्रॅम. आंतरराष्ट्रीय स्पर्धांस ८०० न्यूटनचें जाकीट व विजार आणि १६०० न्यूटनचा गळपट्टा असलेलें मुखत्राण लागतें. नवशिक्या मुलांस ३५० न्यूटनचे कपडे सामान्यत: चालतात, तरी शिक्षकांस विचारूनच घ्यावे. जाकीट अंगाबरोबर असावें. वाढत्या अंगासाठीं थोडी मोकळीक ठीक आहे, परंतु ढगळ कपड्याच्या घडींत टोंक अडकतें. जाकीट विजारीवर निदान १० सेंटिमीटर यावें आणि हातमोज्याची बाही अर्ध्या कोपरखालच्या हातापर्यंत पोहोंचावी, म्हणजे बाहींतून पातें आंत शिरणार नाहीं.

डावखुऱ्या मुलांविषयीं एक शब्द. आपल्या घरांत डावा हात उजवा करण्याचा जो आग्रह धरला जाई, तो येथें अजिबात धरूं नये. या खेळांत डावखुरा खेळाडू प्रतिस्पर्ध्यास अवघड जातो. त्याच्यासाठीं जाकीट, हातमोजा व मूठ वेगळीं मिळतात. जाकिटाची उघड बाजू शस्त्राच्या हाताच्या उलट अंगास असावी, हा नियम आहे. उजव्याचें जाकीट डावखुऱ्यास चालवून घेऊं नये.

आतां पुण्याच्या मुखत्राणाचा प्रश्न. मोठ्या भावंडाचें जाकीट शिवण सुटलेली नसेल व कापड विरलें नसेल तर धाकट्यास खुशाल द्यावें. एकत्र कुटुंबाचा तो लाभच आहे. हातमोजा मात्र स्वत:चा असावा. मुखत्राण कधींही डोळे मिटून घेऊं नये. जाळींत खोंच, गंज किंवा दोन तारांमध्यें वाढलेलें अंतर दिसलें तर तें टाकून द्यावें. बाहेरून चांगलें दिसलें तरी शिक्षकांकडून १२ किलोग्रॅम जोराच्या टोकदार यंत्रानें जाळीची परीक्षा करवून घ्यावी आणि मागची पकड व पट्टा पाहावा. शस्त्रभेदही लक्षांत घ्यावा. सेबरच्या मुखत्राणाची जाळी वीजवाहक असते व फॉइलच्या गळपट्ट्याचा भाग वीजवाहक असतो. एपीचें तसें नसतें. एवढें करून तें उत्तीर्ण झालें व मुलीच्या डोक्यावर घट्ट बसलें, तर आनंदानें घ्यावें. नापास झालें तर “फुकट मिळालें” या एका कारणासाठीं तें घरांत ठेवूं नये, कारण केव्हां तरी कोणी तरी तें घालील.

निगा राखण्याचें काम रोजचें आणि घरांतीलच आहे. नागपूरच्या आषाढ-श्रावणांतील दमट हवेंत घामानें भिजलेलें साहित्य पिशवींत बंद ठेवलें, तर दोन दिवसांत पात्यास गंज व कपड्यास बुरशी येते. घरीं येतांच पिशवी रिकामी करावी, हा पहिला नियम. कपडे थंड वा कोमट पाण्यांत सौम्य साबणानें धुवावे. ब्लीचिंग पावडर, खळ व तापलेली इस्त्री वर्ज्य. वैशाखांतील आपलें ऊन कितीही मोहक वाटलें तरी वाळवणें सावलींतच करावें, कारण प्रखर ऊन व ब्लीच कांहीं संरक्षक तंतूंस दुर्बळ करतात. धातूचें जाकीट घडी न घालतां टांगून ठेवावें, म्हणजे तारा तुटत नाहींत. धुतांना पिळूं नये. मुखत्राण बादलींत सौम्य साबणाच्या पाण्यांत बुडवून धुवावें, झटकावें आणि पंख्याच्या वाऱ्यांत पूर्ण वाळवावें.

पातें कोरड्या फडक्यानें पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा. विजेच्या टोंकास मात्र तेल लागूं देऊं नये. गंजाचे ठिपके बारीक कांचकागदानें काढावे, तारेच्या खांचेस धक्का न लावतां. फॉइल वा एपीचें पातें १ सेंटिमीटरहून अधिक वाकलेलें चालत नाहीं. सेबरला ४ सेंटिमीटरपर्यंत सूट आहे. पात्यास खोल खांच पडली कीं तें तेथेंच मोडण्याची भीति असते. असें पातें कितीही महाग असलें तरी निवृत्त करावें. मोडक्या पात्याच्या टोंकास जाड पट्टी गुंडाळून तें मुलांच्या हाताबाहेर ठेवावें. आणि पाहुण्यांना दाखविण्यासाठीं क्षणभरही मुखत्राणाशिवाय दोघांनीं शस्त्रें भिडवूं नयेत, असा घरांत कडक नियम असावा.

खंडेनवमीस हें शस्त्र देवघरासमोर ठेवावेसें वाटेल, तर अवश्य ठेवावें. मात्र पाणी व ओलें हळदकुंकू पुसून पातें त्याच सायंकाळीं कोरडें करावें. बेसाच्या वाचक-भगिनींनीं यादींतील पहिल्या सहा वस्तु आधीं घ्याव्या, तलवारीची घाई करूं नये, आणि पुण्याचें मुखत्राण परीक्षेवांचून मुलीच्या डोक्यावर चढवूं नये, एवढाच आमचा सल्ला आहे. आजोबांनीं मोकळ्या मनानें एकदां सरावाच्या ठिकाणीं जाऊन बसावें. नातीचें पदलालित्य पाहून त्यांचा आक्षेप टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं.