कोळशाचा वाढता वापर आणि डहाणूची चिकू बाग

मीरा-भाईंदरमध्ये माझ्या घरी दिवा लागतो, तेव्हा त्यातली काही वीज डहाणूत जाळलेल्या कोळशाची असते. ५०० मेगावॅटचे ते औष्णिक केंद्र ज्या तालुक्यात आहे, तिथेच घोलवडचा चिकू पिकतो. त्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

त्यामुळे 'जग कोळसा सोडत आहे' ही बातमी जरा जपून वाचावी. ब्रिटनने शेवटचे कोळसा वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले, हे खरे. पण त्याच वर्षी जगाचा कोळसा वापर सुमारे ८.८ अब्ज टन, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर होता. त्यातला निम्म्याहून अधिक एकटा चीन जाळतो आणि दुसरा क्रमांक आपला आहे. २०२४-२५ मध्ये भारताचे कोळसा उत्पादन १ अब्ज टनांपुढे गेले.

पिकाला मात्र टनांपेक्षा धुराड्यातून काय पडते ते लागते. आपल्या कोळशात गंधक कमी, पण राख भरपूर, बहुधा ३० ते ४५ टक्के. ब्रिटनमध्ये हवेतले गंधक घटल्यावर रेपसीडसारख्या तेलबियांत गंधकाची कमतरता दिसू लागली होती. म्हणून धुराला कोणी फुकटचे खत समजू नये. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असते आणि ते मोजून देता येते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशावरून डहाणूसाठी न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिथे धुरातला गंधक वायू काढणारी यंत्रणा बसली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने नियम बदलले. आता १० लाखांवर लोकसंख्येच्या शहरापासून किंवा दिल्ली परिसरापासून १० किलोमीटरमधील केंद्रांनाच ही यंत्रणा सक्तीची आहे. अतिप्रदूषित भागांतील केंद्रांचा निर्णय एकेक करून होईल, बाकी बहुतेकांना सूट. कमी गंधकाचा युक्तिवाद अगदी चुकीचा नाही. पण मोजणी शहरातल्या माणसांची होते, बागा कुठल्याच निकषात नाहीत. (२०११ च्या जनगणनेत आमचे शहरही ८ लाखांवरच होते.)

केंद्राजवळच्या बागायतदारांनी आधी नुकसान ओळखायला शिकावे. चिकूच्या पानावर काळा, बुरशीसारखा थर असेल तर ती काजळी, म्हणजे पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधा. तिचा दोष राखेवर ढकलला तर तक्रार पहिल्याच पाहणीत फेटाळली जाईल. राख करड्या रंगाची, बोटाला लागणारी, पाण्याने धुऊन जाणारी असते. वायूचा तीव्र फटका असेल तर पानाच्या शिरांमधला भाग फिका पडून करपतो. दिसल्याची तारीख, वाऱ्याची दिशा आणि फोटो ठेवा. कृषी सहायकांनी पंचनाम्यात या दोन्ही गोष्टींची नोंद वेगवेगळी करावी.