रोज एक चित्र

भिवंडीच्या एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, "घर दोन खोल्यांचे, अंगण नाही, शेजारी दिवसभर मागांची खडखड. सुट्टीत मुलांना गुंतवायचे तरी कशात?" ताई, एक कुंडी, चार वाल आणि घरातला मोबाईल एवढे पुरे. पण आधी एक हकीकत ऐका.

दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. पण ते मुळात चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. फोटोग्राफी, छपाई, सारे करून पाहिलेले. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले खरे, पण चित्रपटाला पैसा कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर ठराविक वेळाने थोडे थोडे चित्रण करीत राहिले. पडद्यावर मात्र बघता बघता कोंब वर आला, वेल झाला! ही 'अंकुराची वाढ' पाहून भांडवल देणारा माणूस पुढे आला.

आणि घरात? सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने पुढे केले. अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोके पाडली, रसायने कालवली, शिवाय ६०-७० माणसांचा स्वयंपाक सांभाळला. मुलांना गोष्ट सांगाल तेव्हा हे नाव गाळू नका हं!

आता आपला प्रयोग. वाल रात्री भिजत घाला, सकाळी ओल्या फडक्यात बांधा. मोड आले की दोन-तीन दाणे कुंडीत बोटभर खोल लावा. कुंडी खिडकीशी ठेवा, पण उजेड बाजूने येऊ द्या. खिडकी कुंडीच्या मागे आली तर रोप काळे दिसते. मोबाईल टेकवायला एक डबा घ्या आणि डबा व कुंडी दोन्हींभोवती खडूने खूण करा. रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून एकच फोटो. वेल चढू लागला की काडी रोवा. महिन्याने सगळे फोटो बोटाने भराभर सरकवा, म्हणजे वेल डोळ्यांसमोर वाढेल.

मधले चार दिवस काहीच हलताना दिसणार नाही. मुले कंटाळतील, "आई, हे मेलंय वाटतं!" म्हणतील. तेव्हा रागावू नका. फोटो मात्र चुकवू देऊ नका. धीर धरायला शिकवणारा याहून स्वस्त खेळ नाही. आणि एखाद्या दिवशीचा फोटो तुम्हीही काढा बरं का!