संगणकाच्या कोठींतील विषाणु

आमच्या एका वाचकभगिनी लिहितात कीं, विषाणुनाशक प्रोग्राम रोज तोच विषाणु सांपडल्याचें सांगतो आणि रोज तो काढतां येत नसल्याचेंहि सांगतो. याला करावें काय?

हा विषाणु बहुधा सिस्टिम रिस्टोअरच्या कोठींत असावा. सन २००० मध्यें विंडोज एमईबरोबर ही सोय घरोघरीं आली. नवा प्रोग्राम बसवितांना संगणक आपल्या महत्त्वाच्या फायलींची आधींची स्थिति एका लपविलेल्या फोल्डरांत राखून ठेवतो; पुढें बिघाड झाल्यास त्या तारखेस परततां यावें, हा हेतु. फाईल रोगट असली तर तिचीहि नक्कल तितक्याच निष्ठेनें ठेविली जाते! शिवाय ह्या कोठीस कुलूप असल्यामुळें विषाणुनाशकाचा हात तेथें पुष्कळदां पोंचत नाहीं.

मात्र तेथील विषाणु निजलेला असतो. ती जुनी स्थिति आपण परत आणली तरच तो जागा होतो. म्हणून घाई करूं नये. सन २००७ मध्यें आमच्या घरीं घाईच नडली. बंधूंच्या चिरंजीवांनीं कोणाचेंसें ऐकून प्रथम सिस्टिम रिस्टोअर बंद केलें. त्यासरशी सर्व जुन्या नोंदी पुसल्या गेल्या. मग विषाणु काढतांना विंडोजचीच एक फाईल गेली आणि संगणक सुरूच होईना. रोगट कां होईना, एखादी नोंद असती तर मागें फिरतां आलें असतें. वहिनींनीं टंकून ठेविलेल्या आमच्या मातुःश्रींच्या आठवणी त्यांतच होत्या. दुसऱ्या संगणकास डिस्क जोडून त्या मिळाल्या खऱ्या. पण तोंवर घरांत कोणी त्या मुलाशीं धड बोललें नाहीं.

तेव्हां आधीं आपलें लेखन व छायाचित्रें दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावीं. सिस्टिम रिस्टोअर तीं सांभाळतें हा समज चुकीचा आहे. नंतर विषाणुनाशक अद्ययावत् करून संपूर्ण तपासणी करावी, आणि एकदोन दिवस संगणक नीट चालतो असें पाहिल्यावरच कोठीकडे वळावें. विंडोज १० व ११ मध्यें स्टार्टच्या शोधांत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' असें लिहावें. उघडणाऱ्या चौकटींत 'कॉन्फिगर' व मग 'डिलीट' दाबल्यानें त्या डिस्कवरील सर्व नोंदी जातात. लगेच 'क्रिएट' दाबून नवी, निरोगी नोंद करावी. कित्येक संगणकांवर ही सोय मुळांत बंदच असते. तसें आढळल्यास भगिनींचा विषाणु दुसरीकडे आहे असें समजावें, व तो कोठें सांपडतो ती फाईलची वाट आम्हांस कळवावी.