परभणीचा गोऱ्हा आणि पुरुषाची लाज

१/८
संप्रेरक हा शब्द कानी पडण्याच्या कितीतरी आधीपासून परभणीच्या शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. लाल कंधारी गोऱ्हा खच्ची केला की तो निमूट औत ओढतो. वळू राहिला तर आवरत नाही. वृषणांचा शरीराशी व स्वभावाशी असलेला संबंध गोठ्यात उघड होता. माणसाच्या बाबतीत मात्र तोच विषय लाजेआड राहिला.

२/८
१८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड याने कोंबड्यांचे वृषण काढले. काहींच्या पोटात ते पुन्हा बसवले. ज्यांना ते परत मिळाले, त्यांचा तुरा वाढला आणि ते आरवू लागले. वृषणातून रक्तात काहीतरी मिसळते, असे त्यातून दिसले.

३/८
१८८९ मध्ये पॅरिसच्या ब्राउन-सेकार याने, वयाच्या ७२व्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून तारुण्य परतल्याचे जाहीर केले. तो परिणाम मनाचाच होता, असे आज मानले जाते. ‘ताकदीच्या’ औषधांचा बाजार मात्र तेव्हापासून तेजीत आहे.

४/८
महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. वीर्यनाशाने पुरुष दुर्बळ होतो, ही भीती त्यांनी निराधार ठरवली. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे अश्लील मानून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही कर्व्यांना दंड झाला.

५/८
पुढच्याच वर्षी, १९३५ साली, अ‍ॅमस्टरडॅममध्ये लाकर यांच्या गटाने सुमारे १०० किलो बैलवृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी बुटेनान्ट व रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. गोठ्यातील जुन्या अनुभवाला अखेर रासायनिक नाव मिळाले.

६/८
ही कमतरता म्हणजे चारित्र्याचा दोष नव्हे. तिचे मूळ वृषणांत किंवा मेंदूतील पियुषिका ग्रंथीत असू शकते; लठ्ठपणा व मधुमेह यांच्याशीही तिचा संबंध आहे. इच्छा मंदावणे, थकवा, स्नायू क्षीण होणे ही तिची लक्षणे. पण थकवा इतर अनेक कारणांनीही येतो. म्हणून सकाळी रक्त तपासून, पातळी कमी आढळल्यास पुन्हा तपासूनच निदान करतात.

७/८
येथे अज्ञान महाग पडते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यास शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते आणि शुक्राणू घटतात. मूल हवे असलेला तरुण व्यायामशाळेतील सल्ल्यावरून इंजेक्शन घेतो, तेव्हा तो स्वतःच्याच पितृत्वाची वाट अडवत असतो.

८/८
कर्व्यांना दंड करणारा काळ सरला. संकोच सरला नाही. गावोगावच्या भिंतींवर ‘मर्दानी ताकदी’च्या जाहिराती उघडपणे झळकतात आणि डॉक्टरांसमोर पुरुष गप्प बसतो. ज्या समाजाने बैलाच्या बाबतीत हे सत्य लाज न बाळगता स्वीकारले, त्याने माणसाच्या बाबतीतही ते स्वीकारावे. तपासणीने पुरुषार्थ उणा होत नाही. मौनाने आजार मात्र वाढतो.