आधी निदान लिहून द्या, मग पार्ट बदला

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील वाहनधारक, गॅरेजचालक आणि निवृत्त अभियंते यांना कळकळीची विनंती.

गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली, एक पार्ट बदलला, बिल भरलं आणि थोड्याच दिवसांत तोच बिघाड पुन्हा सुरू झाला, असा अनुभव आलेली घरं पुण्यात शोधावी लागत नाहीत. दुसऱ्या खेपेला दुसरा पार्ट सुचवला जातो, तिसऱ्या खेपेला तिसरा. पहिला पार्ट बदलायची गरज नव्हती, तर त्याचे पैसे कशाचे घेतले, हे मात्र कुणी सांगत नाही. उलट ‘पेट्रोलमध्ये भेसळ असेल’, ‘तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता’ असं ऐकवून मालकालाच गप्प केलं जातं. हे निमूट सोसू नका. बिघाडाचं कारण आधी लेखी मागा, आणि ते हातात आल्याशिवाय पार्ट बदलायला होकार देऊ नका.

आमच्या सोसायटीतल्या एका शिक्षिकेच्या बाबतीत काय झालं ते सांगतो. त्यांची पेट्रोल गाडी चांदणी चौकाच्या चढाला धक्के देऊ लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. कोड आला पी ०१७१, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ असं सांगून तो बदलला. दिवा विझला, कारण कोड स्कॅनरने पुसला होता. पुढच्याच आठवड्यात चढावर पुन्हा तेच. मग थ्रॉटल बॉडी बदलली. बिल पाच आकडी झालं आणि दुखणं तसंच राहिलं. शेवटी वडगावच्या एका गॅरेजवाल्याने एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या हवेच्या मार्गात धूर सोडला. काळ्या रबरी नळीच्या वळ्यांमधून एका जागी धुराची बारीक रेघ वर आली. नळी नुसती पाहिली तर चीर दिसत नव्हती, बोटांनी ताणली की उघडत होती. चढावर इंजिन जोर लावून हलायचं तेव्हा ती तशीच उघडायची आणि मोजणीत न धरलेली हवा आत शिरायची. नळी काही शे रुपयांची होती.

म्हणजे सेन्सर खरंच बोलत होता. पेट्रोल कमी पडतंय हे त्याने बरोबर सांगितलं, आणि हा निरोप आणल्याबद्दल त्यालाच काढून टाकलं! स्कॅनरचा कोड हे लक्षण असतं, निदान नव्हे. याच कोडमागे फुटलेली नळी असू शकते, मळलेला एअर फ्लो सेन्सर असू शकतो, थकलेला फ्युएल पंप असू शकतो. पुण्यातल्या पार्किंगमध्ये तर उंदरांनी कुरतडलेली वायर ही शक्यता आधी पाहावी लागते. त्यातलं नेमकं काय, हे एकेक तपासून ठरवायचं असतं. त्या तपासण्यांचा क्रम कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तो गाळून थेट पार्टवर उडी मारणं हा माझ्या मते मालकाच्या पैशांनी चाललेला अंदाज आहे.

यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असं मी म्हणत नाही. वर्कशॉपमध्ये दिवसभर गाड्यांची रांग असते, गाडी संध्याकाळी द्यायची घाई असते, आणि ज्या पोराच्या हातात पाना असतो त्याची मालकाशी गाठच पडत नाही. मालक बोलतो सर्व्हिस ॲडव्हायझरशी, आणि जॉब कार्डवर उतरतं ‘पिकअप नाही, चेक करणे’. एवढ्यावरून उत्तम मेकॅनिकलाही काही कळणार नाही. म्हणून पहिली विनंती वाहनधारकांना. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. इंजिन थंड असताना होतं की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, कितव्या गिअरला, एसी चालू असताना की बंद असताना. मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी त्याच रस्त्याला न्या. कोड पुसण्यापूर्वी स्कॅन रिपोर्टची प्रत मागा. बिघाडाची नोंद झाली त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, किती फेऱ्यांवर होतं, हे गाडीचा कॉम्प्युटर साठवून ठेवतो. कोड पुसला की सहसा ती नोंदही जाते, आणि तिच्याबरोबर तुमचा पुरावाही. बदललेला जुना पार्ट परत मागा. वॉरंटीतला पार्ट कंपनीकडे जातो, तेव्हा निदान त्याचा फोटो तरी काढून ठेवा.

वॉरंटी संपत आली असेल तर जास्तच जागरूक राहा. ‘सध्या चालवून बघा, वाढलं तर आणा’ असं तोंडी सांगून गाडी परत दिली जाते आणि मुदत उलटते. बिघाड मुदतीत सुरू झाला होता हे दाखवणारं जॉब कार्ड किंवा ई-मेल जवळ नसेल, तर पुढे भांडायला आधारच उरत नाही.

बिल मान्य नसेल तरी गाडी अडकून पडते. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क करार कायदा, १८७२ च्या कलम १७० मध्ये कारागिराला दिलेला आहे. तिथे काउंटरवर आवाज चढवून काही साधत नाही. बिलावर ‘निदान मान्य नाही, हरकत नोंदवून रक्कम भरली’ असं लिहा, सही-तारीख घाला, फोटो काढा आणि गाडी घेऊन या.

बाहेरच्या गॅरेजला गाडी दाखवली की वॉरंटी जाते, ही धास्ती मुद्दाम पसरवलेली आहे. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, तो सुटे भाग, निदानाची उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजपासून अडवून ठेवल्याबद्दल. या आदेशाविरुद्ध कंपन्या पुढे अपिलात गेल्या. पण बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, ही आयोगाची भूमिका प्रत्येक वाहनधारकाने ध्यानात ठेवावी. नुसतं तपासून घेणं ही तर दुरुस्तीही नव्हे. दुसऱ्या डॉक्टरचं मत आपण घेतोच ना?

एवढं करूनही दाद मिळाली नाही तर डीलर आणि कंपनी दोघांना लेखी नोटीस द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. वकील लागतोच असं नाही. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वाद गाडीच्याच किमतीचा असेल, तर ५ ते १० लाखांना २०० रुपये आणि १० ते २० लाखांना ४०० रुपये पडतात. मुदत दोन वर्षांची. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकच टॅक्सी चालवणाऱ्यालाही कायदा ग्राहकच मानतो, तेव्हा कॅबवाल्या बांधवांनीही मागे राहू नये.

तक्रारीत कुणावर काय आरोप आहे, हे वेगवेगळं मांडा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ ची म्हणून २००९ ची गाडी मिळाली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डीलरच्या करणीची कंपनीला माहिती होती असं तक्रारीत मांडलंही नव्हतं आणि शाबीतही झालं नव्हतं, म्हणून न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. आपली माणसं हरतात ती इथेच. बिघाड खरा असतो, पैसे खरोखर गेलेले असतात, पण चुकलेलं निदान चुकलं होतं हे सांगणारा जाणकाराचा कागद नसतो. वडगावच्या गॅरेजवाल्याने नळी दाखवली, बदलली, पैसे घेतले. लिहून द्या म्हटल्यावर ‘कोर्टकचेरी नको बाई’ म्हणाला. त्याची भीती मला कळते. पण त्या चार ओळींअभावी शिक्षिकेची तक्रार आजही कपाटात पडून आहे.

म्हणून दुसरी विनंती, आणि माझ्या लेखी हीच मोठी. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं ते याच शहरात. देशभरच्या गाड्यांच्या चाचण्या घेणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आपल्या कोथरूडच्या टेकडीवर आहे. पिंपरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत आयुष्यभर इंजिनं जोडलेली, तपासलेली माणसं निवृत्त होऊन आपल्याच सोसायट्यांत सकाळी फिरायला येतात. इतकी जाणती माणसं असलेल्या शहरात वाहनधारकाला एका तज्ज्ञाचं लेखी मत मिळू नये, ही मला शरमेची गोष्ट वाटते.

निवृत्त अभियंत्यांनो, आठवड्यातली एक सकाळ द्या. शेजाऱ्याचं जॉब कार्ड आणि स्कॅन रिपोर्ट वाचा, कोणती तपासणी राहून गेली ते एका पानावर लिहा, खाली शिक्षण, अनुभव आणि सही घाला. गॅरेजचालक बंधूंनो, काय सापडलं ते तुमच्या बिलावर दोन ओळींत नोंदवा: कुठे चीर होती, काय मोजलं, काय बदललं. तुम्ही कुणावर आरोप करायचा नाही, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना विनंती की येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, असं मत द्यायला तयार असलेल्या सभासदांची नावं त्यांच्या संमतीने सूचना फलकावर लावावीत, आणि फसलेल्या दुरुस्त्यांची जॉब कार्डं एका फाइलीत जमवावीत. एकाच वर्कशॉपच्या एकाच चुकीची पाच कागदपत्रं समोर ठेवली, तर ‘तुमच्याच गाडीत असं झालं’ हे उत्तर तिथे पुन्हा देता येणार नाही.