पाहुणा राक्षस

‘कॉलेजच्या नियतकालिकात व्हिडिओ गेममधल्या राक्षसावर लेख? लिहायला दुसरा विषय मिळाला नाही काय?’ असे आमचे काही प्राध्यापक विचारतील, याची मला कल्पना आहे. त्यांचे विचारणे रास्तच आहे. परंतु ज्या गोष्टीत आमच्या पिढीचे कितीतरी तास, आणि अलीकडे पैसेही, खर्च होतात तिच्याविषयी कुणी चार शब्द गांभीर्याने लिहूच नयेत, असे थोडेच आहे?

राक्षसाचे नाव राथालोस. जपानी भाषेत रिओरेउस. जपानच्या कॅपकॉम कंपनीने 2004 साली प्लेस्टेशन 2 या यंत्रासाठी ‘मॉन्स्टर हंटर’ नावाचा खेळ काढला. तांबड्या खवल्यांचा, पंखांचा, आग ओकणारा हा प्राणी तेव्हापासून त्या मालिकेचा मानकरी आहे. 2025 साली आलेल्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’मध्येही तो हजर आहेच. त्याला ‘आकाशाचा राजा’ म्हणतात, आणि त्याची मादी राथियन ही ‘जमिनीची राणी’. ती खाली शिकार करते, हा वरून आपल्या मुलखावर घिरट्या घालतो. थोडक्यात, या राक्षसाला संसार आहे!

त्याचे मोठेपण केवळ आग ओकण्यात नाही. आग ओकणारे प्राणी खेळांत पैशाला पासरी आहेत. राथालोसचे वैशिष्ट्य असे, की त्याच्या वागण्याला नियम आहेत. त्याच्यात किती प्राण उरला हे दाखवणारी पट्टी पडद्यावर नसते. ते त्याच्याकडे पाहून ओळखावे लागते. जखमी झाला की तो लंगडतो, आपल्या घरट्याकडे जातो आणि झोपतो. त्याच्या पंजात विष असते. तो हवेत असताना डोळे दिपवणारा गोळा फेकला तर खाली कोसळतो. शेपूट तोडता येते, पण नेमक्या जागी वार बसला तरच. पहिल्या दहा वेळा तो आपल्याला लोळवतो. अकराव्या वेळी आपल्या लक्षात येते, की आपले बळ वाढलेले नाही. आपल्याला त्याची ओळख पटलेली आहे.

असा हा राथालोस आता परगावी जाऊ लागला आहे. 2010 साली तो कोनामी कंपनीच्या ‘मेटल गियर सॉलिड : पीस वॉकर’ या खेळात गेला. तो खेळ 1974 सालच्या कोस्टारिकात घडतो. त्यातला नायक सैनिक आहे. बंदुका घेतलेला माणूस आणि आकाशाचा राजा समोरासमोर! ऐकायला विचित्र वाटते. पण त्यासाठी एक वेगळे बेट योजले होते आणि राथालोस तिथेही राथालोससारखाच वागला. डिसेंबर 2018 मध्ये निंटेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये तो मारिओ-पिकाचूच्या पंक्तीत येऊन बसला. 2020 साली तो चित्रपटातही आला.

मला सर्वांत आवडलेले उदाहरण ऑगस्ट 2018 चे आहे. त्या महिन्यात राथालोस ‘फायनल फँटसी 14’ या खेळात गेला. तिथे अशा लढाया एरवी आठ जण लढतात आणि इतरांच्या जखमा भरून काढणारे खेळाडू वेगळे नेमलेले असतात. राथालोसच्या कठीण लढाईत मात्र चौघेच जण. जखम झाली तर आपापली बाटली आपणच प्यायची, अगदी मूळ खेळात पितात तशी. यजमानाने पाहुण्यासाठी आपल्या घरची रीत थोडी बदलली. त्याच महिन्यात त्यांचा बेहेमोथ ‘मॉन्स्टर हंटर वर्ल्ड’मध्ये आला आणि येताना आपली उल्का घेऊन आला. ती कोसळू लागली की एखाद्या दगडाआड दडायचे, नाहीतर खेळ खलास. एकट्याने तलवार परजणाऱ्या शिकाऱ्यांना त्याने एकमेकांकडे बघायला लावले.

याला मी खरा पाहुणचार म्हणतो. पाहुण्याने आपला स्वभाव सोडला नाही आणि यजमानालाही काही नवे शिकायला मिळाले. आमच्या भागात हे फारसे समजावून सांगावे लागू नये. आमच्या बाजारात वाक्य मराठीत सुरू होते, कानडीत संपते, आणि तरी वांग्याच्या भावात कधी चूक होत नाही!

परंतु दुसऱ्या प्रकारचे पाहुणेही आहेत, आणि तेच आज अधिक दिसतात. एका खेळातले प्रसिद्ध पात्र दुसऱ्या खेळात नुसते पोशाख म्हणून, किंवा सोडतीतले बक्षीस म्हणून आणले जाते. त्याची चाल नाही, सवय नाही. आहे ते फक्त चित्र. गेल्या वर्षी मोबाइलवरच्या अशाच एका खेळात माझे आवडते पात्र पाहुणे आले. ‘फक्त सात दिवस’ अशी पाटी होती. मी बसच्या पासासाठी ठेवलेले 480 रुपये त्या सोडतीत घातले. पात्र मिळाले नाही. पुढचा महिना निम्मी वाट चालत कॉलेजला आलो आणि घरी ‘व्यायाम करतो’ म्हणून सांगितले. चूक माझीच होती, हे मान्य. पण ज्यांनी ती सोडत मांडली त्यांना माझे कशावर प्रेम आहे हे नेमके ठाऊक होते, हेही तितकेच खरे.

आम्हाला हिशेबशास्त्रात ‘ख्याती’ शिकवतात. ख्याती ही अमूर्त मालमत्ता. स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात दाखवता येत नाही. दुसऱ्याकडून विकत घेतली तरच ती पुस्तकात येते. राथालोसची ख्याती कॅपकॉमने वीस वर्षांहून अधिक काळ, एकेका शिकारीतून कमावली. ती उसनी देऊन पैसा मिळवण्यात गैर काहीच नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, नफ्याला नाके मुरडणार नाही. ‘फायनल फँटसी’वाल्यांनीही ते धर्मादाय म्हणून केले नव्हते. प्रश्न इतकाच, की उसनी दिलेली ख्याती परत येते तेव्हा वाढून येते की झिजून? जो राथालोस परगावीही मला लोळवतो, त्याची ख्याती वाढते. जो नुसता टोपीवर छापला जातो, त्याची झिजते; आणि ती झीज कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून माझ्या मित्रांना एक साधी कसोटी सुचवतो. आपले आवडते पात्र दुसऱ्या खेळात आले, तर पैसे काढण्यापूर्वी पाहा : ते तिथे काही करते आहे, की नुसते उभे आहे? करत असेल तर खुशाल खेळा, आणि हरलात तरी वाईट वाटून घेऊ नका. नुसते उभे असेल, तर बसचा पास काढा.